आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या: पुण्यात येण्याआधीपासून करायची तयारी

महाराष्ट्रातील अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, फिजिओथेरपिस्ट किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायचे असेल, तर त्या शिक्षणाचा मोठा भार उचलणाऱ्या शासकीय योजना आज उपलब्ध आहेत. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, राहण्याजेवणाचा खर्च आणि पुस्तके या प्रत्येक गरजेसाठी काही ना काही तरतूद आहे. असे असूनही जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या तालुक्यांतून पुण्यात शिकायला येणाऱ्या कितीतरी महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी मुलामुलींचे शिक्षण पहिल्याच वर्षी अडचणीत येते. त्याचे कारण बहुतेक वेळा कमी गुण किंवा योजनेचा अभाव हे नसते. योग्य कागद योग्य तारखेला हाती नसणे हेच ते कारण असते. म्हणून हा लेख योजनांची यादी देऊन थांबत नाही. कोणते काम कोणत्या वर्षी आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे त्यात सांगितले आहे. घरात यापूर्वी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, असे गृहीत धरूनच तो लिहिला आहे.

पहिली पायरी: जात वैधता प्रमाणपत्र, अकरावीतच

ज्यांना वाचायला फारसा वेळ नाही, त्यांनी निदान हा भाग तरी पूर्ण वाचावा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण प्रांत म्हणतो ते, देतात. त्या दाखल्यातील दावा तपासून तो खरा असल्याचे ठरवणे हे अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीचे काम आहे आणि समितीने दिलेल्या कागदालाच सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. आरक्षित जागेवरचा व्यावसायिक प्रवेश या दुसऱ्या कागदावर अवलंबून असतो. प्रवेश फेरीच्या वेळी तो हाती नसेल, तर विद्यार्थ्याचा विचार खुल्या प्रवर्गातून होण्याची वेळ येते आणि आरक्षित जागा गेली की तिच्यामागे येणारी शुल्कसवलतही जाते.

तपासणीला वेळ लागतो. समिती कागदपत्रे पाहते, गरज वाटल्यास दक्षता पथकाकडून गावी जाऊन चौकशी करवते, नातेवाइकांची वंशावळ तपासते आणि आवश्यक असेल तर सुनावणी घेते. हे सगळे बारावीच्या निकालानंतरच्या काही आठवड्यांत उरकेल, असे समजून बसणे फार धोक्याचे आहे. अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला की पहिल्या सत्रातच कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुख्याध्यापकांचे किंवा प्राचार्यांचे शिफारसपत्र घ्यावे, ऑनलाइन अर्ज भरावा आणि त्याची छापील प्रत मूळ कागदांच्या साक्षांकित प्रतींसह समितीकडे द्यावी. अर्ज मूळ गावाच्या जिल्ह्यासाठी नेमलेल्या समितीकडेच जातो. जातीचा दाखलाही कुटुंबाचे १९५० मधील वास्तव्य जिथे होते तिथल्या प्रांत कार्यालयातूनच घ्यावा लागतो. त्यामुळे वडील कामासाठी अकोले तालुक्यातून पिंपरी-चिंचवडला येऊन स्थायिक झाले असतील, तर पुण्यात अर्ज न करता संगमनेरच्या उपविभागीय कार्यालयात जावे लागेल, हे आधीच लक्षात घ्यावे.

आता कागदांविषयी. अनुसूचित जमातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. त्या तारखेपूर्वीच्या नोंदीला पुरावा म्हणून सर्वांत जास्त वजन असते. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा, गावाच्या जन्ममृत्यू नोंदीचा नमुना १४, कोतवाल बुकातील नोंद, जुने फेरफार आणि सातबारा हे कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून घ्यावेत. वडील, काका, आत्या किंवा सख्खे चुलत भाऊबहीण यांच्यापैकी कोणाला आधीच वैधता मिळालेली असेल, तर तिची प्रत आणि त्यांच्याशी असलेले नाते दाखवणारी वंशावळ अर्जासोबत जोडावी. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील वैधता हा अतिशय भक्कम आधार असतो आणि अशा अर्जाची तपासणी साधारणपणे सोपी होते.

नोंदींमधील जमातीच्या नावाकडे बारकाईने पाहावे. यादीत ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ अशी एक नोंद आहे, ‘काथोडी, कातकरी’ यांची एक आणि ‘ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर’ यांची एक. जुन्या शाळांच्या वहीत मात्र पुष्कळदा नुसते ‘हिंदू कोळी’ किंवा ‘कोळी’ एवढेच लिहिलेले आढळते. अशी नोंद सापडली म्हणून घाबरून ती लपवू नये. ती लपवली आणि नंतर दक्षता पथकाला सापडली, तर संपूर्ण दाव्यावर शंका घेतली जाते. ती नोंद इतर नोंदींसोबत ठेवावी आणि ती अशी का पडली असावी, हे सुनावणीत साध्या शब्दांत सांगावे. चौकशीत कुलदैवत, लग्नाच्या रूढी, मर्तिकाचे विधी, बोली यांविषयीही विचारले जाते. शहरात वाढलेल्या मुलांना यांतले सगळे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना सुनावणीला बरोबर न्यावे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की रूढीपरंपरांशी असलेल्या जवळिकीची ही परीक्षा म्हणजे एकमेव निर्णायक कसोटी नव्हे. कागदोपत्री पुरावा भक्कम असताना केवळ या कारणावरून दावा फेटाळला गेला, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो, कारण अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता ही मदत देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

कातकरी कुटुंबांविषयी वेगळे सांगायला हवे. राज्यातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम समूह मानले जाते. या घरांत बहुधा जमीन नसते, त्यामुळे सातबारा नसतो. आजोबा शाळेत गेलेले नसतात आणि वीटभट्टीच्या हंगामी स्थलांतरामुळे जन्माची नोंदही राहून गेलेली असते. अशा वेळी एकच मोठा कागद शोधत बसण्यापेक्षा लहान लहान पुरावे गोळा करावेत: जुनी मतदार यादी, शिधापत्रिका, घरकुलाची नोंद, भावकीतल्या कोणाचा जुना जातीचा दाखला, ग्रामपंचायतीचा वाडीविषयीचा दाखला. हे काम विद्यार्थ्याने एकट्याने करण्यासारखे नाही. आश्रमशाळेतील शिक्षक, ग्रामसेवक आणि तालुक्यातील आदिवासी संघटनांचे कार्यकर्ते यांच्याकडे मदत मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

दुसरी पायरी: अभ्यासक्रम ठरवताना शिष्यवृत्तीचाही विचार

आरोग्यसेवेत जायचे म्हणजे एमबीबीएसच करायचे, ही समजूत अनेक घरांत असते आणि ती मुलांवर अकारण ओझे टाकते. नीट ही देशपातळीवरील प्रवेश परीक्षा एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांसारख्या पदव्यांसाठी असते. ती मराठीतूनही देता येते, तिच्यात पात्र ठरण्यासाठी अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला ४० पर्सेंटाइलची (म्हणजे ४० टक्के गुणांची नव्हे, तर साधारण ४० टक्के परीक्षार्थींच्या वर असण्याची) अट आहे आणि एमबीबीएससाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून ४० टक्के गुण लागतात. पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जमातीसाठी ७ टक्के आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात ७.५ टक्के जागा राखीव आहेत. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हे अनेकांना फेऱ्या संपल्यावर कळते.

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी राज्य सीईटी कक्ष वेगळी प्रवेश परीक्षा घेतो. परिचर्या व प्रसूतिसेवेचा जीएनएम हा तीन वर्षांचा आणि साहाय्यक परिचारिकेचा एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यांना बारावीची विज्ञान शाखाच हवी अशी अट नाही. भीमाशंकरच्या खोऱ्यातील उपकेंद्रावर किंवा वाडीवर जाऊन तिथल्या भाषेत बोलणारी एएनएम असणे ही त्या भागाची खरी गरज आहे, त्यामुळे या अभ्यासक्रमांना दुय्यम समजू नये. डी.फार्म. दोन वर्षांचे, बी.फार्म. चार वर्षांचे. यांखेरीज फिजिओथेरपी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रमही आहेत. यांपैकी कोणताही अभ्यासक्रम निवडताना तीन प्रश्न विचारावेत: संस्था शासनमान्य आहे का, अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची मान्यता आहे का, आणि शासकीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज जिथे भरले जातात त्या महाडीबीटी संकेतस्थळाच्या यादीत त्या संस्थेचा तो अभ्यासक्रम दिसतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर जाहिरातीत ‘शिष्यवृत्ती उपलब्ध’ असे कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असले तरी तिथे प्रवेश घेऊ नये.

पुण्यात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण इथे सर्व प्रकारच्या संस्था शेजारी शेजारी आहेत. ससून रुग्णालयाशी जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय शासकीय आहे, पुणे महानगरपालिकेचे भारतरत्न अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले, तर नऱ्ह्याचे काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालय खासगी विनाअनुदानित आहे. भारती विद्यापीठ आणि पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठे असून त्यांच्या वैद्यकीय जागा केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात आणि तिथे राज्याचे आरक्षण लागू होत नाही. शुल्क प्रतिपूर्तीचा लाभ साधारणपणे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, मिळालेल्या जागेलाच मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला तो मिळेल असे गृहीत धरून जमीन गहाण ठेवणारी कुटुंबे पाहिली की मन विषण्ण होते. म्हणून आवर्जून सांगतो: जागा कॅपमधून मिळाली आहे, हे वाटपपत्रावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

नीटची शिकवणी लावणे न परवडणाऱ्यांनी दोन ठिकाणी चौकशी करावी. क्वीन्स गार्डनमधील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, जिला सगळे टीआरटीआय म्हणून ओळखतात, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाच्या जाहिराती वेळोवेळी काढते. दुसरे नाव ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या संस्थेचे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था गरजू मुलांची नीटची तयारी करून घेते. मेळघाटातील आदिवासी मुलांसाठी त्यांनी केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे.

तिसरी पायरी: बाकीचे दाखले, आधार आणि बँक खाते

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतो. तो आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो आणि ३१ मार्चला त्याची मुदत संपते, म्हणून एप्रिल उजाडताच नवा काढावा. जून-जुलैमध्ये सेतूवर गर्दी होते आणि सर्व्हरही मंदावतो. अधिवास प्रमाणपत्र एकदा काढले की पुरते. नीटसाठी एखादे वर्ष घरी थांबून तयारी केली असेल, तर त्या खंडाचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र लागते. सर्व कागदांवर नावाचे शुद्धलेखन एकच असावे. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि गुणपत्रिकेवर ‘दयानेश्वर’ असा फरक असेल, तर तो दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आधी दुरुस्त करून घ्यावा.

बँक खात्याविषयी अधिक सावध राहायला हवे. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही. आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात ती जमा होते. मोबाइलचे सिम घेताना किंवा एखाद्या शिबिरात अंगठा देताना नकळत दुसरे खाते उघडले जाते, आधार त्या खात्याला जोडले जाते आणि पैसे तिथे जाऊन पडतात. विद्यार्थी मात्र आपल्या नेहमीच्या पासबुकात रक्कम शोधत राहतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहून कोणती बँक दिसते याची खात्री करावी. ती चुकीची असेल तर योग्य बँकेत जाऊन आधार सीडिंगचा अर्ज द्यावा. बालपणी शाळेत उघडलेले शून्य शिलकीचे खाते असेल, तर त्यावर व्यवहाराची मर्यादा नाही ना आणि ते बंद पडलेले नाही ना, हेही बँकेत विचारावे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक तुमच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या हाती असावा, कारण प्रत्येक टप्प्यावर ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.

चौथी पायरी: प्रवेशाच्या दिवशी

शासनाने वेळोवेळी परिपत्रके काढून, शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्काची मागणी करू नये, असे महाविद्यालयांना कळवले आहे. तरीही काही ठिकाणी ‘आधी भरा, नंतर परत मिळेल’ असे सांगितले जाते. अशा वेळी आवाज न चढवता, पण ठामपणे, मागणी लेखी द्यावी असे म्हणावे. बहुतेक वेळा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. न सुटल्यास महाविद्यालयाच्या समाजकल्याण किंवा शिष्यवृत्ती कक्षाला आणि आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला (पुणे जिल्ह्यासाठी ते घोडेगावला आहे) अर्ज देऊन त्याच्या पोचपावत्या घ्याव्यात. वसतिगृहाचे शुल्क, अनामत रक्कम आणि खानावळ यांचे पैसे वेगळे असतात आणि ते भरावे लागू शकतात, त्यामुळे हाती काहीही रक्कम न घेता येऊ नये.

मूळ कागद महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी प्रत्येक कागदाची स्वच्छ स्कॅन प्रत आणि छायाप्रतींचे दोन संच जवळ ठेवावेत. पुढच्या सर्व अर्जांना हेच कागद लागणार असतात.

पाचवी पायरी: महाडीबीटीवरील अर्ज

आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची, शिष्यवृत्ती ही तुमची योजना. तिच्यात शिक्षण व परीक्षा शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. केंद्राच्या २०१० पासूनच्या दरांनुसार पहिल्या गटातील, म्हणजे वैद्यकीय पदवीसारख्या, अभ्यासक्रमांना वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी महिना १,२०० रुपये आणि घरून येणाऱ्यांसाठी ५५० रुपये असा हा भत्ता आहे. नर्सिंग आणि फार्मसीसारख्या दुसऱ्या गटात तो अनुक्रमे ८२० आणि ५३० रुपये आहे. पुण्यात या रकमेत महिना भागणे शक्य नाही, म्हणून पुढच्या पायरीतील निवासाची योजना तितकीच महत्त्वाची आहे. उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर निराश होऊ नये. त्यांच्यासाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची वेगळी योजना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली फ्रीशिप, आहे. आईवडिलांपैकी कोणी शिक्षक, पोलीस किंवा एसटीत नोकरीला असल्यामुळे ‘आपल्याला काही मिळणार नाही’ असे समजून अर्जच न करणारी मुले बरीच असतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्याच संकेतस्थळावर शुल्क प्रतिपूर्ती आणि निर्वाह भत्ता अशा आणखी दोन योजना दिसतात. आपली माहिती पूर्ण भरल्यावर संकेतस्थळ पात्र योजना सुचवते, त्या पाहून महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाशी बोलूनच निवड करावी.

खाते आधारच्या ओटीपीने स्वतः उघडावे. सायबर कॅफेत अर्ज भरला तरी वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून घ्यावा, कारण पुढची सर्व वर्षे हेच खाते वापरायचे असते. माहिती भरताना कॅपचा अर्ज क्रमांक, प्रवेशाची तारीख, अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि वसतिगृहात राहता की नाही हे चार रकाने पुन्हा तपासावेत. बहुतेक त्रुटी तिथेच निघतात. अर्ज पाठवल्यावर तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर विभागाकडे जातो. पुणे जिल्ह्यासाठी हे काम घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पाहते. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे आपल्या खात्यात दिसते. तो ‘परत पाठवला’ असे दिसले तर त्रुटी दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवावा लागतो. त्याची सूचना कोणी घरी आणून देत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा खाते उघडून पाहण्याची सवय ठेवावी. लिपिकाकडे अर्ज दीर्घकाळ पडून असेल, तर प्राचार्यांना लेखी विनंती करावी.

शुल्काची रक्कम तुमच्या खात्यात आली तर ती महाविद्यालयाची आहे, असे समजून लगेच भरून पावती घ्यावी. ती घरच्या अडचणीत खर्च झाली तर वर्षअखेरीला परीक्षेचा अर्ज अडतो, आणि तेव्हा ती उभी करणे फार कठीण जाते. या अर्जासाठी शासन कोणतेही शुल्क घेत नाही, आणि फोनवर ओटीपी मागणारा माणूस शासनाचा नसतो.

सहावी पायरी: पुण्यात राहायचे कुठे

प्रवेश निश्चित होताच आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी ऑनलाइन अर्ज करावा. तिथे राहण्याची सोय विनामूल्य असते. २०१८ पासून शहरांतील वसतिगृहांत खानावळीऐवजी जेवणाची रक्कम थेट खात्यावर देण्याची पद्धत आली आणि तिच्या विरोधात त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे मोर्चाही काढला होता. रक्कम उशिरा आली की पहिला फटका जेवणालाच बसतो, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या डब्याचे पैसे बाजूला ठेवूनच यावे.

वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासून सुरू असलेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेचा अर्ज करावा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांसाठी या योजनेत वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले आहेत: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. याखेरीज वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपये आणि इतर शाखांना २,००० रुपये देण्याची तरतूद आहे. पालक त्याच शहराचे रहिवासी नसावेत आणि कौटुंबिक उत्पन्न मर्यादेत असावे, या अटी आहेत. वसतिगृह आणि स्वयंम् यांचा लाभ एकाच वेळी मिळत नाही. शुल्काची शिष्यवृत्ती मात्र वेगळ्या कारणासाठी असल्याने तिचा अर्ज या दोन्हींपैकी कशामुळेही टाळू नये. खोली भाड्याने घेतली असेल तर भाडेकराराची प्रत आणि घरमालकाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

रक्कम येईपर्यंत स्वस्तात राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांचाही विचार करावा. १९५५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्याजेवणाची सोय देते. तिथे मुलाखतीतून निवड होते, तेव्हा अर्ज लवकर करावा.

वर्षभरात घोडेगावला एखादी फेरी करावी लागेल, हे धरून चालावे. पुणे-नाशिक महामार्गावर मंचरला उतरून भीमाशंकरच्या रस्त्याने तिथे पोहोचता येते. जाताना अर्जाची छापील प्रत, बोनाफाईड आणि पासबुकाची प्रत न्यावी आणि दिलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घ्यावा. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जाची स्थिती विचारण्याचाही मार्ग खुला आहे.

केंद्राच्या आणि खासगी शिष्यवृत्त्या

एम्ससारख्या, केंद्राने निवडलेल्या नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला, तर केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाची उच्च शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती पाहावी. तिच्यात वर्षाला १,००० नव्या विद्यार्थ्यांची निवड होते, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख रुपये आहे आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर होतो. पीएच.डी.साठी ७५० राष्ट्रीय फेलोशिप आणि परदेशी शिक्षणासाठी दरवर्षी २० जागांची स्वतंत्र योजना आहे. त्या २० पैकी तीन जागा आदिम समूहांसाठी आहेत, हे कातकरी कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेताना दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन मिळाल्या तर जास्त लाभाची एक निवडावी लागते. त्यामुळे कंपन्यांच्या किंवा न्यासांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यापूर्वी त्यांची रक्कम कशासाठी आहे ते वाचावे. पुस्तके किंवा उपकरणे यांसाठी एकदाच मिळणारी मदत आणि वार्षिक शिष्यवृत्ती यांत फरक असतो.

पुढची वर्षे

शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली म्हणजे अभ्यासक्रम संपेपर्यंत आपोआप मिळत राहत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी आधीच्या वर्षाची गुणपत्रिका आणि उपस्थिती लागते. वैद्यकीय शिक्षणाचे पहिले वर्ष मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना जड जाते, काही जण नापास होतात आणि आता सगळे संपले असे समजून घरी परततात. तसे करू नये. पहिल्या गटातील अभ्यासक्रमात पहिल्यांदा नापास झाल्यास शिष्यवृत्तीचे नूतनीकरण होऊ शकते. त्यानंतर पुन्हा नापास झाल्यास मात्र वरच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च स्वतः करावा लागतो. म्हणून पहिल्या सत्रातच वरच्या वर्गातील आपल्या भागातील मुलामुलींना गाठावे, त्यांच्याकडून जुनी पुस्तके आणि टिपणे मागून घ्यावीत आणि शरीररचनाशास्त्राच्या इंग्रजी संज्ञा मराठी अर्थासह वहीत उतरवून पाठ कराव्यात.

अभ्यासक्रम मधेच बदलायचा विचार असेल, उदाहरणार्थ आयुर्वेद सोडून पुन्हा नीट देऊन एमबीबीएसला जायचे असेल, तर प्रवेश रद्द करण्यापूर्वी प्रकल्प कार्यालयात जाऊन आधी घेतलेल्या रकमेचे आणि पुढच्या पात्रतेचे काय होईल हे लेखी विचारून घ्यावे. एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून त्याच पातळीवरचा दुसरा सुरू केल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही.

एमबीबीएसच्या इंटर्नशिपच्या वर्षात विद्यावेतन मिळत असल्याने त्या काळात ही शिष्यवृत्ती दिली जात नाही, त्यामुळे त्या वर्षाचे नियोजन वेगळे करावे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करण्याचे बंधपत्र असते आणि ती न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. त्या सेवेसाठी पसंतीक्रम देताना आपल्याच तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राची जागा रिक्त आहे का, हे आवर्जून पाहावे. पदव्युत्तर शिक्षणाला गेल्यावर, त्या अभ्यासक्रमाच्या काळात वैद्यकीय व्यवसाय करण्याची मुभा नसेल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पुन्हा मिळू शकते. त्यासाठी महाडीबीटीचे जुने खाते, जात वैधता प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि त्या वर्षीचा नवा उत्पन्नाचा दाखला लागतो.